अंगठ्याखालची नाडी

मिरज, १४ ऑक्टोबर १९४६

डॉक्टर,

पहिल्या कागदावर सवयीनं ‘तीर्थरूप दादांस’ लिहिलं आणि तो फाडला. तुमच्या दवाखान्याच्या पाटीवर जो शब्द आहे तेवढाच यापुढं माझ्याकडून तुम्हाला मिळेल.

मी मेले नाही. शालूवहिनींनी हे तुम्हाला सांगितलं असेल, पण माझ्या अक्षरातही ते तुमच्यापाशी असावं. तुम्ही साताऱ्याला गेला होतात त्या दुपारी मला झटका आला. माधवनगरच्या तुमच्या माडीवर गिरणीचे माग ऐकत मी तीन वर्षं काढली. छातीत सुरू होतं ते अगदी तसंच असतं. कुणीतरी पट्टा चढवावा आणि सगळे माग एकदम धावायला लागावेत. या खेपेला ते थांबेना. आता एक झटका आला की माला संपली, असं तुम्हीच वहिनींना सांगून ठेवलं होतं. त्यांनी तुमची गुलाबी औषधाची बाटली हातात घेतली, परत फळीवर ठेवली आणि टांगा बोलावला. “ते आल्यावर मला काय बोलायचं ते बोलू देत,” म्हणाल्या, “पन तुमी माझ्या हातावर मरू नका.” तुम्ही तीन वर्षं जो जिना मला उतरू दिला नव्हता, तो त्यांनी मला दंडाला धरून उतरवला.

इथं बायकांच्या दवाखान्यात उजागरेबाई म्हणून डॉक्टर आहेत. नगरकडच्या, उंच, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी माझी मान चाचपली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग एक प्रश्न विचारला. हे हळूहळू वाढत जातं, की एकदम सुरू होऊन एकदम थांबतं? मी सांगितलं, एकदम. दिवा लावावा आणि दिवा विझवावा तसं. त्यांनी मान हलवली. डॉक्टर, तीन वर्षं तुम्ही रोज सकाळी माझ्या उशाशी येऊन बसत होता. हा प्रश्न तुम्ही मला एकदाही विचारला नाहीत.

मग त्या म्हणाल्या, जोंधळ्याचं पोतं उचलताना जसा श्वास कोंडून पोटातून जोर लावतात, तसा जोर लावा. नाक धरा, तोंड मिटा, लावा जोर. तोंडावर गार पाण्याचा फडका टाकला. दुसऱ्या खेपेला माग बंद पडले. छातीत इतकी शांतता झाली की मला वाटलं हेच मरण. बाई हसल्या. म्हणाल्या, “चहा किती पिता?”

मी हिशेब सांगितला नाही. लाज वाटली.

त्यांनी मला आठवडाभर ठेवून घेतलं आणि रोज दवाखान्याचा जिना चढायला लावला. पहिल्या दिवशी मी मधल्या पायरीवर बसून रडले. तुम्ही माझ्या मनात जिन्याची एवढी भीती भरून ठेवली होती की पाय उचलेना. शेवटी त्यांनी समोर बसवून सांगितलं: हृदय धड आहे. हे दुखणं त्रासाचं आहे, जिवावरचं नाही. जागरण, कडक चहा आणि संताप यांनी ते जागं होतं. डोळ्यांपुढं अंधारी आली, छातीत कळ आली किंवा धाप लागली, तर मात्र तडक दवाखान्यात यायचं. आणि हा उपाय गावभर वाटत सुटायचं नाही. छाती अनेक कारणांनी धडधडते. कुणाच्या अंगात रक्त नसतं, कुणाच्या गळ्यातली गाठ वाढलेली असते, कुणाचं काळीज खरोखरच दमलेलं असतं. आधी तपासायचं, मग बोलायचं.

त्यांनी मला नाडी बघायलाही शिकवलं. मी अंगठा टेकवला तशी त्यांनी हातावर चापट मारली. “बोटांनी. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. अंगठा लावला की माणूस दुसऱ्याच्या हातावर स्वतःलाच मोजतो.”

आता १९४३चा श्रावण आठवा. पाटणच्या खोऱ्यात मला हिवतापानं लोळवलं होतं. आमच्या भूमिगत चळवळीतल्या जोतीरामनं आणि त्याच्या सोबत्यांनी मला डोलीत घालून साताऱ्याला तुमच्या बिऱ्हाडी आणलं. तुम्ही त्या वेळी पलटणीच्या भरतीला आलेल्या पोरांच्या छात्या तपासत होता, आणि मी गावोगाव त्याच पोरांच्या आयांना सांगत होते की दुसऱ्याच्या लढाईला पोरगं देऊ नका. ती बोलणारी बाई तुझी कोण, असं तुमच्या साहेबानं तुम्हाला विचारलेलं होतं. माझं मनगट तुम्ही मुठीत धरलंत, इतकं घट्ट की अंगठ्याचा वळ दुसऱ्या दिवशीही होता. आणि जोतीरामला म्हणालात, हिचं हृदय मोठं झालंय, ही परत सभेत उभी राहिली तर सभेतच पडेल.

डॉक्टर बोलला, शिवाय सख्खा भाऊ बोलला. जोतीरामनं विश्वास ठेवला. वाळव्यापासून पाटणपर्यंत निरोप गेला की विजयमालाला आता सभेला बोलवायचं नाही. ज्याच्याशी माझं लग्न ठरत होतं, त्यालाही तुम्ही हेच कळवलंत. त्याचं नाव मी या कागदावर लिहिणार नाही. मग तुम्ही भरतीचं काम सोडून माधवनगरला दवाखाना टाकलात आणि मला माडीवर ठेवलंत.

ती तीन वर्षं मी परत मागत नाही. ती तुमच्यापाशी नाहीत. मी दुसरं काहीतरी घेणार आहे. काय, ते अजून ठरलेलं नाही.

विजयमाला

*

राहीबाईंचा मळा, इस्लामपूरनजीक
२ नोव्हेंबर १९४६

डॉक्टर,

तुमचं उत्तर आलं. त्यात ‘काळजी’ हा शब्द इतक्यांदा आहे की तो वाचूनच माणसाची छाती धडधडावी. मी माधवनगरला येणार नाही. वहिनींना सांगा, माझी पुस्तकं वाचनालयात देऊन टाका. त्या माडीवर मी फ्रान्सची राज्यक्रांती वाचली, इटलीची वाचली, आयर्लंडची वाचली. जगभरची माणसं रस्त्यावर आलेली मी पडल्या पडल्या वाचली.

जोतीरामनं मला इथं राहीबाईंकडं ठेवलं आहे. मला चालताना बघून तो दोन पावलं मागं सरला. “मालाक्का, तुमी हिंडताय?” म्हणाला. मी म्हटलं, हिंडते, बोलते आणि चावतेही.

झटका परत आला नाही. जागरण सोडलं, रोज उसाच्या बांधावरून चालते, श्वास कोंडून जोर लावायचा सराव करते. राहीबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, ह्ये काय करतीस? मी समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजी बाळतिनीगत कळ द्यायाची व्हय. पोर तेवढं हुत न्हाई.”

अडचण चहाची आहे. बेचाळीस साली मी एक नियम केला होता. ज्या गावात जाईन तिथं महारवाड्यात, मांगवाड्यात, रामोशांच्या दारात, जो चहा पुढं येईल तो प्यायचा. एक घर सोडायचं नाही. ज्याच्या घरचा चहा नाकारला त्याच्यापुढं समतेवर बोलायचं तोंड उरत नाही. गूळ घातलेला, काळा होईपर्यंत उकळलेला चहा मी दिवसभर पीत होते आणि रात्री चालत होते. माझी छाती कशानं धावत होती ते तुम्ही विचारलं असतंत तर कळलं असतं.

परवा दगडाबाईंच्या दारात मी पहिल्यांदा चहाला नको म्हटलं. महारवाड्यातल्या या बाईनं आमचे बुलेटिनांचे गठ्ठे डोक्यावरच्या शेणाच्या पाटीतून पोचवलेले आहेत. मी म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलाय. त्यांनी कप उचलून घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “आसंल. समद्यास्नी डाक्टर आमच्याच दारात आटवतो.”

मी तो कप त्यांच्या हातातून घेतला आणि प्यायले.

विजयमाला

*

राहीबाईंचा मळा
२४ नोव्हेंबर १९४६

डॉक्टर,

आज जोतीराम एक छापील पत्रक घेऊन आला. पाच जानेवारीला इस्लामपूरला कार्यकर्त्यांच्या सत्काराची सभा आहे. त्यात तुमचं नाव आहे. ‘भूमिगत भगिनीस तीन वर्षे प्राणपणाने आश्रय देणारे डॉ. नानासो.’ जोतीराम भाबडेपणानं म्हणाला, अक्का, तुमच्या दादाचाबी मान हुतोय.

माझा तुरुंग तुम्ही तुमचा त्याग म्हणून छापलात. बाहेरून घातलेली कडी आतून घातल्याचं दाखवलंत, एवढंच.

भरतीच्या साहेबाला सलाम केलेला हात खादीच्या बाहीत घातला की स्वच्छ होतो, हे मला माहीत आहे. सध्या तसे पुष्कळ हात फिरत आहेत. माझं तुमच्याशी भांडण त्याचं नाही. माझं भांडण आज संध्याकाळी मला कळलं.

मी पत्रक वाचत होते, तुमचं नाव मोठ्यानं वाचलं. राहीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी नाव परत विचारलं. मग सांगितलं. त्रेचाळीसच्या गणपतीत त्यांच्या गावच्या पारावर माझी सभा ठरली होती. ती झाली नाही. त्यांचा थोरला सयाजी भरतीला जायचं म्हणत होता आणि या त्याला थोपवून धरत होत्या, की बाईचं बोलणं तरी ऐक, मग जा. “तू आली न्हाईस,” राहीबाई म्हणाल्या. “फुडल्या म्हैन्यात त्यो साताऱ्याला गेला. छाती तुज्या भावानंच बघितली.”

सयाजी इटलीत राहिला. तार आली, पेन्शन आली.

एकाच हंगामात तुम्ही दोन छात्या तपासल्यात, डॉक्टर. एक चांगली ठरवलीत, एक वाईट. चांगली ठरवलेली परत आली नाही. वाईट ठरवलेली हे पत्र लिहिते आहे.

मी काय घेणार ते आता ठरलं. पाच जानेवारीला त्या व्यासपीठावर मी बोलणार आहे. जोतीरामनं माझं नाव घातलं, तो आनंदात आहे, त्याला काही माहीत नाही. तुम्हाला आधी कळवते, कारण पाठीत वार करणं मला जमत नाही. तुम्ही समोर, खुर्चीवर, हार घालून बसलेले मला हवे आहात.

विजयमाला

*

राहीबाईंचा मळा
९ डिसेंबर १९४६

डॉक्टर,

काल तुम्ही स्वतः आलात, म्हणजे पत्र पोचलं.

जे घडलं ते तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्ही ते वेगळं सांगत फिराल, म्हणून लिहून ठेवते. तुम्ही बाजेवर बसलात. गुलाबी बाटली काढून उशापाशी ठेवलीत. राहीबाईंनी तुम्हाला चहा दिला, त्यांना तुम्ही कोण ते ठाऊक असूनही दिला, आणि तुम्ही तो प्यायलात. मग तुम्ही मला लहानपणच्या हाकेनं हाक मारलीत. “माले, आई अशीच गेली. छातीला हात लावून. तू लहान होतीस, मी पाहिलंय.”

मी विचारलं, मग मला कसं सुरू होतं आणि कसं थांबतं ते का विचारलं नाहीत? तुम्ही बाटली उशाच्या आणखी जवळ सरकवलीत. नंतर म्हणालात की तुझ्याबरोबरच्या किती जणांना गोळ्या लागल्या ते मोज, मी तुला जिवंत ठेवलं. हे वाक्य मला लागलं, ते मी मान्य करते. त्यातल्या दोघांना मी ओळखत होते. पण जिवंत राहायचं की नाही हे ठरवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आणि एकीला जिवंत ठेवणारा माणूस त्याच हातानं दुसऱ्यांना जहाजावर चढवतो, त्याला दया म्हणत नाहीत.

शेवटी तुम्ही खरं बोललात. आवाज खाली घेऊन म्हणालात, “आणि सभेतच ते सुरू झालं तर? तू उभी राहू शकली नाहीस तर? माझंच खरं ठरेल, माले. सगळ्या तालुक्यासमोर.”

तुम्ही भित्रे आहात, पण मूर्ख नाही. मला दुसऱ्या कशाची भीती नव्हती, तेवढीच होती.

दोन गोष्टी तुम्हाला सांगितल्याच पाहिजेत. झटका परत आला नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं. दगडाबाईंकडचा चहा प्यायले त्याच दिवशी दिवेलागणीला तो आला. त्यानंतरही आला. आणि काल, तुम्ही बाजेवर बसून ते वाक्य बोलत असताना, तो आलेलाच होता. मी उठून जात्याशी गेले, तुमच्याकडं पाठ करून खुंटा धरला आणि श्वास कोंडून जोर लावला. माग थांबले. मी परत येऊन बसले. तुम्ही रोग्याच्या समोर बसलेले डॉक्टर होता, आणि तुम्हाला कळलं नाही.

तुम्ही निघालात तेव्हा राहीबाई दारात आल्या. त्यांनी विचारलं ते मला जन्मभर ऐकू येत राहील.

“डाक्टर, माज्या सयाजीची छाती तुमीच बघितलीसा न्हवं? कशी व्हती?”

तुम्हाला आठवत नव्हतं. तुम्ही म्हणालात, चांगलीच असणार, म्हणून तर घेतला.

“व्हय,” राहीबाई म्हणाल्या. “चांगलीच व्हती.”

मग त्यांनी तुमचा कप विसळला आणि कोनाड्यात ठेवला. बाटली तुम्ही विसरून गेलात. ती मी उसाच्या पाटात ओतली.

विजयमाला

*

राहीबाईंचा मळा
४ जानेवारी १९४७

डॉक्टर,

उद्या सभा आहे. हे पत्र तुम्हाला सभेनंतरच मिळेल, तरी लिहिते, कारण हात रिकामा ठेवला की तो मनगटावर जातो.

चहाचं कोडं सुटलं. परत दगडाबाईंकडं गेले आणि उंबऱ्यावर बसून पाणी मागितलं. त्या थबकल्या. चहा उकळतो, त्याला विटाळ जाळणाऱ्या विस्तवाची आड असते, म्हणून पुष्कळ शहाणे लोक तो कुठंही पिऊन पुरोगामी होतात. पाण्याला आड नसते. त्यांनी आतून त्यांच्या रांजणातलं पाणी तांब्यात आणलं, वरून गुळाचा खडा दिला आणि मी पिऊन होईपर्यंत माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. तांब्या परत घेताना म्हणाल्या, “आता तुज्या डाक्टरवर इस्वास बसला.” तेव्हापासून मी प्रत्येक दारात पाणीच मागते.

झोप नीट घेतली आहे. भाषण तोंडपाठ आहे. तुमच्यासाठी शेलकी विशेषणं निवडली आहेत, काही संस्कृतातली आहेत, वेळ पडली तर साध्या मराठीतली आहेत.

आणि मला भीती वाटते. उद्या पट्टा चढला आणि उतरला नाही, तर लोक माझ्याकडं बघणार नाहीत, तुमच्याकडं बघतील. तुम्ही मान हलवाल. मी बोललेलं आणि बोलायचं राहिलेलं सगळं एका मानेच्या हलण्यात पुसलं जाईल. पुढं माझ्या तोंडून कुणी काही ऐकून घेणार नाही. भाऊ बिचारा सांगत होता, म्हणतील.

उजागरेबाईंना पत्र टाकून विचारलं होतं की उद्या संतापू नये म्हणून काय करू. त्यांनी एक ओळ लिहिली. ‘संताप येऊ द्या, तो लपवू नका. लपवायला जास्त ताकद लागते.’

विजयमाला

*

राहीबाईंचा मळा
६ जानेवारी १९४७

डॉक्टर,

काल तुम्ही सभेतून उठून गेलात ते वहिनींनाही न सांगता. त्या मागं राहिल्या आणि शेवटपर्यंत ऐकून मग माझ्याबरोबर मळ्यावर आल्या. त्या सुखरूप आहेत. आज सकाळी जोतीराम त्यांना माधवनगरला पोचवेल. त्यांच्याच हाती हे पत्र देते, म्हणजे तुम्हाला ते त्यांच्यासमोर उघडावं लागेल.

तुम्हाला व्यासपीठावर बसलेले पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. खादी, जाकीट, हार. मी बोलायला उठले. सुरुवात चांगली झाली. लोक शांत होते. मी त्रेचाळीसच्या पारावरच्या सभेपाशी आले, समोर बायकांत राहीबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडं पाहिलं आणि पट्टा चढला.

तुम्ही ओळखलंत. जातं नव्हतं, पाठ करायला जागा नव्हती. आवाज तुटला, हात टेबलाला गेला आणि सभेत कुजबूज सुरू झाली. तुम्ही खुर्चीतून उठलात. “सभा थांबवा,” म्हणालात, “मी तीन वर्षं हेच सांगत होतो.” ते वाक्य तुम्ही किती दिवस घोकून ठेवलं होतं कोण जाणे. ते छान वठलं.

तेव्हा मला उजागरेबाईंची ओळ आठवली. लपवायचं नाही. मी लोकांना सांगितलं. माझी छाती धावायला लागली आहे, हे मला अधूनमधून होतं, याला घाबरायचं कारण नाही, मला थोडा वेळ द्या आणि गार पाणी द्या. मी व्यासपीठावर मांडी घालून बसले.

जोतीराम पुढाऱ्यांच्या टेबलावरच्या चांदीच्या भांड्याकडं धावला. त्याच्या आधी बायकांच्या कडेनं दगडाबाई उठल्या, पदर खोचला, आपला तांब्या घेऊन सगळ्या सभेतून चालत वर आल्या. कुणीतरी खालून हटकलं. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. “पानी हाय गं,” मला म्हणाल्या, “च्या न्हाई.” मी तोंडावर पाणी मारलं. फडका नव्हता, त्यांनी पदराचं टोक भिजवून माझ्या डोळ्यांवर दाबून धरलं. मी नाक धरलं आणि जोर लावला. एकदा झालं नाही. त्या एका क्षणात मी तुमची हललेली मान स्वच्छ पाहिली, डोळे मिटलेले असून. खालून राहीबाई सगळ्या इस्लामपूरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “लाव जोर, पोरी, आजून लाव.” बायका हसल्या. मी पुन्हा लावला.

माग बंद पडले.

मी डोळे उघडले तर तुम्ही शेजारी गुडघ्यावर बसलेले, माझं मनगट तुमच्या मुठीत. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मी खाली बघितलं. तेव्हा तुम्हाला जे म्हणाले ते तुम्ही विसरला नसाल, पण हा कागद नीट पुरा व्हावा म्हणून लिहिते.

“अंगठ्यानं नाही, डॉक्टर. बोटांनी. अंगठ्याला स्वतःची नाडी असते.”

तुम्ही अंगठा काढलात. बोटं ठेवलीत. मी म्हटलं, आता लोकांना सांगा काय लागतंय ते. तुम्ही ओठ हलवत ठोके मोजलेत. मग हळू म्हणालात, “बरोबर चालली आहे.”

“मोठ्यानं सांगा. मागं ऐकू गेलं नाही.”

“नाडी बरोबर चालली आहे,” तुम्ही म्हणालात, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मग मी उठले. निवडलेलं एकही विशेषण वापरलं नाही, त्यांचं काम उरलं नव्हतं. एवढंच सांगितलं की याच डॉक्टरांनी त्रेचाळीस साली दोन छात्या तपासल्या, एक माझी आणि एक राहीबाईंच्या सयाजीची, आणि कुठली चांगली ठरवली, कुठली वाईट, आणि आज त्या दोन्ही कुठं आहेत. राहीबाई उभ्या राहिल्या, म्हणजे लोकांना त्या दिसाव्यात. एवढ्यावरच तुम्ही उठून गेलात. हार टेबलावर राहिला. जोतीरामला त्याचं काय करावं ते कळेना, शेवटी त्यानं तो आमच्या गाडीच्या बैलाला घातला. मी पुढं तासभर बोलले. तीन वर्षांचं तुंबलेलं होतं.

आता शेवटचं. रात्री मला झोप लागली नाही, छातीमुळं नाही, त्या अंगठ्यामुळं. साताऱ्याच्या बिऱ्हाडात तुम्ही माझं मनगट धरलं होतं तेव्हाही अंगठाच होता, त्याचा वळ मला आठवतो. काल तुमच्या अंगठ्याखाली काहीतरी बेफाम धावत होतं आणि ते माझं नव्हतं, माझे माग तोवर थांबले होते. त्रेचाळीस सालीही तुम्ही माझ्या हातावर स्वतःची भीती मोजलीत, आईच्या मरणाची, साहेबाची, माझी, आणि ती माझा रोग म्हणून जाहीर केलीत. म्हणून एवढं मी तुम्हाला देते: पहिल्या दिवशी ती चूक होती. दुसऱ्या दिवसापासून ती सोय होती. चुकीची क्षमा मागता येते. तीन वर्षं रोज सकाळी बोटांनी नीट नाडी बघून खाली जाऊन खोटं सांगणाऱ्याला ती कुणी द्यायची, ते मला माहीत नाही. राहीबाईंना विचारा. त्या चहा देतील, क्षमेचं मी सांगू शकत नाही.

मी कुठल्याही दारात पाणी मागते. माझा तो नियम आहे आणि तो मी मोडणार नाही, एका घरापुरता सोडून. माधवनगरच्या त्या माडीखाली उन्हात तहानेनं उभी राहिले तरी तुमच्या घरचं पाणी मी मागणार नाही.

चहा कमी करा. रात्री वेळेवर झोपा. आणि मिरजेला जाऊन या, ती नाडी कुणालातरी दाखवायला हवी. उजागरेबाई मंगळवारी बाहेरचे रोगी बघतात. दवाखाना बायकांचा आहे, पण माझं नाव सांगा, आत घेतील. त्या तुम्हाला विचारतील, हे एकदम सुरू होतं की हळूहळू. खरं सांगा.

विजयमाला